श्रद्धा आणि बुद्धि : दोन साक्षीदार

मुंबईच्या उत्तर उपनगरांत दिंडोशी येथें नगर दिवाणी व सत्र न्यायालयाची एक शाखा आहे. तेथें रोज साक्षीदार येतात. पिंजऱ्यांत उभा राहिल्यावर प्रत्येकाकडून खरें सांगण्याचें वचन घेतलें जातें. जो ईश्वर मानतो तो ईश्वराला स्मरून शपथ घेतो. ज्याला तसें करणें मान्य नसतें तो गंभीरपणें प्रतिज्ञा करतो. १९६९ च्या शपथांच्या कायद्यानें हे दोन्ही मार्ग मोकळे ठेविले आहेत. त्यानंतर जें घडतें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. ईश्वराचें नांव घेणाराची साक्ष वजनदार आणि न घेणाराची हलकी, असा भेद न्यायाधीश करीत नाहीं. दोघांचीहि उलटतपासणी होते, दोघांच्याहि शब्दांना वस्तुस्थितीचा आधार आहे कीं नाहीं हें पाहिलें जातें, आणि मग निर्णय दिला जातो.

ही साधी दिसणारी व्यवस्था मनुष्याला फार उशीरां सुचली. इंग्लंडांत चार्लस ब्रॅडलॉ नांवाचा निरीश्वरवादी गृहस्थ १८८० सालीं पार्लमेंटांत निवडून आला. परंतु शपथेच्या प्रश्नावरून सभागृहानें त्याला सहा वर्षें आपल्या जागीं स्वस्थपणें बसूं दिलें नाहीं. मतदारांनीं त्याला पुन्हां पुन्हां निवडून द्यावें आणि सभागृहानें पुन्हां पुन्हां अडवावें, असा प्रकार चालला. शेवटीं १८८६ सालीं त्याला जागा मिळाली, आणि १८८८ सालीं त्याच्याच खटपटीनें शपथेचा नवा कायदा झाला. पुढल्याच वर्षीं, १८८९ च्या डिसेंबरांत, मुंबईस राष्ट्रीय सभेचें पांचवें अधिवेशन भरलें, त्या वेळीं हा ब्रॅडलॉ पाहुणा म्हणून आला होता. मंडपांतील बहुतेक प्रतिनिधि आपापला धर्म पाळणारे होते. तरी त्यांनीं या प्रसिद्ध नास्तिकाचा मोठ्या आदरानें सत्कार केला. तो देव मानीत नाहीं हें त्यांना ठाऊक होतें. तो हिंदुस्थानची बाजू पार्लमेंटांत खरेपणानें मांडतो हेंहि ठाऊक होतें. पहिल्या गोष्टीमुळें दुसऱ्या गोष्टीचें मोल कमी करावें, असें त्यांना वाटलें नाहीं.

श्रद्धा आणि बुद्धि यांचा वाद पुष्कळदां हवेंत चालतो. जगाला कर्ता आहे कीं नाहीं, आत्मा अमर आहे कीं नाहीं, यांवर दोन्ही पक्ष थकेपर्यंत बोलतात आणि जसे आले तसे घरीं जातात. तोच वाद जमिनीवर आणावयाचा तर दिंडोशीहून फार दूर जाण्याचें कारण नाहीं. मालाडहून गाडी धरली म्हणजे गोरेगांव, जोगेश्वरी आणि अंधेरी मागें टाकून पार्लें येतें. पार्ल्याच्या पश्चिमेस इर्ला म्हणून वस्ती आहे आणि तेथें वेलंकणी मातेचें प्रार्थनामंदिर आहे. २०१२ सालच्या मार्च महिन्यांत तेथील क्रुसावरच्या ख्रिस्तमूर्तीच्या पायांतून पाण्याचे थेंब ठिबकूं लागले. वार्ता पसरली, गर्दी झाली. लोक प्रार्थना करूं लागले. कित्येकांनीं तें पाणी भांड्यांत धरलें, कित्येकांनीं प्राशनहि केलें.

एका दूरचित्रवाणी-संस्थेनें या प्रकाराच्या पाहणीसाठीं सनल एडामरुकू यांना बोलाविलें. हे मूळचे केरळांतील; भारतीय बुद्धिवादी संघाचे अध्यक्ष. त्यांनीं जागा पाहिली, भिंतीला हात लावून पाहिला, छायाचित्रें घेतलीं आणि मूर्तीच्या मागच्या बाजूला काय आहे याचा शोध घेतला. जवळच एक न्हाणीघर होतें व त्याची मोरी तुंबलेली होती. मोरींतील पाण्याला वाट न मिळाल्यामुळें तें भिंतीच्या पायाशीं मुरलें, चुन्यासिमेंटांतून वर चढलें, क्रुसाच्या लांकडांत शिरलें आणि खिळ्याच्या छिद्रांतून मूर्तीच्या पायांवर उतरलें, असा त्यांनीं निष्कर्ष काढला.

पाणी खालून वर चढतें ही गोष्ट ऐकतांना विचित्र वाटते, पण ती प्रत्येक घरांत घडत असते. समईंतील तेल वातींतून वर चढतें, म्हणूनच ज्योत जळते. खडूचें एक टोंक शाईंत धरलें तर शाई हळूहळू वरपर्यंत पोंचते. पावसाळ्यांत जमिनीलगतच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल येते. बारीक छिद्रांच्या पदार्थांत द्रवाला असें ओढून घेण्याचा धर्म असतो. शास्त्रांत त्याला केशाकर्षण म्हणतात. इर्ल्याच्या भिंतीनें समईंतल्या वातीहून निराळें असें कांहीं केलें नव्हतें.

येथपर्यंतची हकीकत शांतपणें संपावयास हरकत नव्हती. चर्चच्या अधिकाऱ्यांनीं हा चमत्कार आहे असा अधिकृत निर्णय दिलेला नव्हता. अशा गोष्टींना दैवी म्हणतांना चर्च सावधगिरी बाळगतें, असेंच त्यांचें म्हणणें होतें. परंतु दूरचित्रवाणीवर जो वाद झाला त्यांत थेंबांचा विषय मागें पडला. पैशांच्या लोभानें चर्च चमत्कार तयार करतें, असा आरोप एडामरुकू यांनीं केला; त्यांनीं माफी मागावी, अशी मागणी दुसऱ्या बाजूनें झाली; त्यांनीं ती नाकारली. मग मुंबईंतील एकाहून अधिक पोलीस-ठाण्यांत त्यांच्याविरुद्ध तक्रारी दाखल झाल्या. त्यांत धार्मिक भावना दुखविल्याचें, म्हणजे भारतीय दंडविधानाच्या २९५-अ कलमाचें, बालंट होतें. त्याच वर्षीं जुलैच्या अखेरीस एडामरुकू फिनलंडला गेले आणि पुढें अनेक वर्षें त्यांचें वास्तव्य स्वदेशाबाहेरच झालें. मोरीचें पाणी मुरून भिंतीला ओल येते, या शोधापासून ज्या प्रकरणाला आरंभ झाला, त्याचा शेवट एका मनुष्याच्या देशत्यागांत झाला.

हें कलम कोठून आलें तेंहि पाहिलें पाहिजे. १९२७ सालापूर्वीं तें दंडविधानांत नव्हतें. लाहोर येथें इस्लामच्या पैगंबरांविषयीं निंदाव्यंजक पुस्तक प्रसिद्ध झालें, प्रकाशकावर खटला झाला आणि तत्कालीन कायद्यांत तो बसत नाहीं म्हणून उच्च न्यायालयानें त्याला सोडून दिलें. त्यावरून झालेल्या क्षोभानंतर सरकारनें हें कलम घातलें. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें घटनेला धरून आहे असें ठरविलें. मात्र त्याच निर्णयांत असेंहि स्पष्ट केलें कीं, अजाणतां किंवा निष्काळजीपणें झालेला प्रत्येक अवमान या कलमाखालीं येत नाहीं. बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूनें केलेला अवमानच येतो. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्यायसंहिता आली आणि तेंच कलम तिच्यांत २९९ व्या क्रमांकानें राहिलें. शिक्षेची कमाल मर्यादा तीन वर्षांच्या कैदेची आहे.

आतां या प्रकरणांत तीन निरनिराळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तें गुंतवळ सोडविल्याशिवाय कोणाचें काय चुकलें हें समजणार नाहीं. पहिला प्रश्न, पाणी कोठून आलें? दुसरा, धर्माधिकारी पैशांसाठीं असले प्रकार मुद्दाम घडवितात काय? तिसरा, ईश्वर आहे काय?

पहिला प्रश्न डोळ्यांनीं व हातांनीं सुटणारा आहे. त्याला मोरी उघडून पाहणें एवढेंच उत्तर. तें उत्तर नास्तिकानें दिलें म्हणून खोटें होत नाहीं आणि पाद्र्यानें दिलें असतें म्हणून अधिक खरें झालें नसतें. या प्रश्नावर भावना दुखावल्या असें म्हणणाराला बुद्धिवाद्याची नव्हे, तर मोरीची तक्रार करावी लागेल. दुसरा प्रश्न मनुष्यांच्या हेतूंविषयींचा आहे. ज्या पुराव्यानें पाण्याची वाट सिद्ध होते, त्याच पुराव्यानें कोणाचा लबाड हेतु सिद्ध होत नाहीं. तुंबलेली मोरी ही कपटापेक्षां हयगयीची साक्ष अधिक देते. म्हणून बुद्धीचा कैवार घेणारानें पहिल्या प्रश्नांत जो काटेकोरपणा दाखविला, तोच दुसऱ्यांतहि दाखविणें योग्य होतें. आरोप करावयाचा तर त्याचा निराळा पुरावा देणें आवश्यक होतें. आणि तिसऱ्या प्रश्नाला तर या दोन्ही उत्तरांनीं स्पर्शहि होत नाहीं. मोरी तुंबली होती यावरून ईश्वर नाहीं असें ठरत नाहीं. उद्यां एखाद्या थेंबाचें मूळ सांपडलें नाहीं तरी ईश्वर आहे असें ठरणार नाहीं.

तरी लोकांच्या मनांत हे तीनहि प्रश्न एकत्र होतात, आणि विशेषेंकरून पाण्याच्या बाबतींत होतात. १९९५ सालच्या २१ सप्टेंबर रोजीं गणपतीची मूर्ति दूध पिते अशी वार्ता एका दिवसांत देशभर पसरली. मुंबईंत देवळांपुढें रांगा लागल्या. मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला कीं दूध नाहींसें होई. शास्त्रज्ञांनीं दुधांत रंग मिसळला, तेव्हां तें मूर्तीच्या अंगावरून पातळ धारेनें खालीं ओघळत असल्याचें दिसून आलें. द्रवाच्या पृष्ठभागाला जो ताण असतो त्यामुळें दूध चमच्याच्या कडेवरून मूर्तीकडे ओढलें जाई. तसेंच २००६ च्या ऑगस्टांत माहीमच्या खाडीचें पाणी गोड झालें अशी आवई उठली. हजारों लोक किनाऱ्यावर धांवले, बाटल्या भरल्या, लहान मुलांना तें पाणी पाजलें. महापालिकेला, तें पाणी पिऊं नका, अशी सूचना द्यावी लागली.

माहीमच्या खाडीला मिठी नदी मिळते. ही नदी दिंडोशीच्या टेकड्यांपलीकडे पूर्वेस असलेल्या विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते आणि पुढें पवईच्या तलावाचें पाणी घेऊन सबंध उपनगरांची घाण वाहत खाडीस मिळते. भर पावसाळ्यांत तलाव भरून वाहूं लागले म्हणजे पावसाचें हलकें पाणी समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर पसरून राहतें आणि वरचा थर गोडसर लागतो. परंतु गोडसर म्हणजे स्वच्छ नव्हे. कारखान्यांचें व वस्त्यांचें सांडपाणी त्यांत तसेंच असतें.

येथें बुद्धिवादाचें खरें काम दिसून येतें, आणि तें उपहासाचें नाहीं. अशा गर्दींत पुढें घुसणारांमध्यें कोण असतात? दुखण्याला कंटाळलेले, औषधाला पैसा नसलेले, वैद्यांनीं आशा सोडलेल्यांचे नातलग. आजारी मुलाची आई बाटली घेऊन येते, तेव्हां तिला पदार्थविज्ञान येत नाहीं म्हणून तिची थट्टा करणें हें बुद्धीचें लक्षण नव्हे. पण तिच्या भावनेला धक्का लागेल म्हणून, पाणी मोरीचें आहे हें तिला न सांगणें, ही तर निर्दयता आहे. त्या पाण्यानें मुलाचें दुखणें वाढूं शकतें. जो तिचा हात धरून खरें सांगतो, तो देव मानो वा न मानो, त्या क्षणीं तिचा हितकर्ताच असतो.

असल्या वादांना आपल्याकडे जुनी परंपरा आहे, आणि ती पुष्कळांना वाटते तशी एकांगी नाहीं. 'नास्तिक' हा शब्द आज देव न मानणारा या अर्थानें वापरतात. शास्त्रकारांच्या भाषेंत तो मुख्यतः वेदप्रामाण्य न मानणाराला लावीत. त्यामुळें जैन, बौद्ध आणि चार्वाक नास्तिक ठरले. उलट जगाचा कर्ता ईश्वर मानण्याची गरज न भासणारे पूर्वमीमांसक आस्तिकांत बसले, आणि निरीश्वर सांख्यहि बसले. म्हणजे प्रश्न देवाचा कमी आणि ग्रंथाच्या अधिकाराचा अधिक होता. संघटित धर्माचा राग पुष्कळदां देवाला नाकारण्यावर नसून अधिकाराला नाकारण्यावर असतो, ही गोष्ट त्या जुन्या व्याख्येंतच उघड झालेली आहे. तथापि त्याच परंपरेची दुसरी बाजू फार मोलाची आहे. चौदाव्या शतकांत माधवाचार्यांनीं 'सर्वदर्शनसंग्रह' रचला, त्यांत पहिलें प्रकरण चार्वाकमताचें आहे. जें मत पूर्णपणें अमान्य, तें प्रथम त्याच्याच युक्तिवादांसह मांडावें आणि मग खोडावें, ही पूर्वपक्षाची पद्धति होय. चार्वाकांचे मूळ ग्रंथ नष्ट झाले. त्यांचे विचार आज पुष्कळसे कळतात ते त्यांच्या विरोधकांनीं नोंदून ठेविल्यामुळेंच.

मुंबईच्या वाळूंतहि अशा वादाचें एक स्मरण आहे. कुलाबा जिल्ह्यांतील शिरवली येथें १८२५ सालीं जन्मलेले विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी, १८५६ सालीं मुंबईस आले आणि १८५७ च्या जानेवारीपासून मेअखेरपर्यंत समुद्रकिनाऱ्यावर त्यांनीं ख्रिस्ती मिशनऱ्यांशीं उघड वादविवाद केला. शेंकडों लोक ऐकावयास जमत. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यानें त्याच वर्षीं त्या वादाची हकीकत इंग्रजींत छापली. मराठींत ती १८७२ सालीं, बुवांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपानें आली. दोन्ही बाजूंनीं एकमेकांच्या धर्मग्रंथांवर अत्यंत कठोर प्रश्न विचारले. त्यांतले कित्येक प्रश्न आज कोणी जाहीरपणें विचारले तर पोलीस-ठाण्याची पायरी चढावी लागेल. त्या किनाऱ्यावर प्रश्नाला प्रश्नानें आणि युक्तिवादाला युक्तिवादानें उत्तर मिळत होतें. अर्थात् त्या वादांत एक उणीव होती, आणि ती आजतागाईत सर्व धर्मवादांत आहे. दुसऱ्याच्या धर्मांतील अद्भुत कथेला पुरावा मागणें कोणालाहि जमतें; तोच गज स्वतःच्या घरांतील कथेला लावण्याची वेळ आली म्हणजे हात थबकतो. बुद्धिवादी मनुष्य वेगळें असें एवढेंच करतो कीं, तो एकच गज सर्व घरांना लावतो. म्हणून तो सर्वच घरांना अप्रिय होतो.

महाराष्ट्रांत हा अप्रियपणा ज्यांनीं जाणूनबुजून पत्करला त्यांत गोपाळ गणेश आगरकर अग्रगण्य होत. कऱ्हाडजवळ टेंभू येथें १८५६ सालीं अत्यंत दारिद्र्यांत त्यांचा जन्म झाला. उच्च पदवी घेऊन मोठ्या पगाराची नोकरी करण्याचा मार्ग मोकळा असतां त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करला. १८८८ सालीं 'सुधारक' पत्र काढलें. १८९२ पासून मृत्यूपर्यंत ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. ईश्वराचें अस्तित्व सिद्ध करतां येत नाहीं, आणि नीतीला ईश्वराच्या भयाचा पाया असण्याची गरज नाहीं, असें त्यांचें मत. देवतांच्या कल्पना मनुष्याच्या मनांत कशा उत्पन्न झाल्या याची त्यांनीं 'देवतोत्पत्ति' या निबंधांत चिकित्सा केली. पुण्यांतील लोकांनीं ते जिवंत असतांच त्यांची प्रेतयात्रा काढली. ती त्यांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावी लागली. १८९५ सालीं, वयाची चाळिशीहि न गांठतां, ते वारले.

आगरकरांच्या चरित्रानें एका जुन्या आक्षेपाला उत्तर मिळतें. देवाचा धाक सुटला कीं मनुष्य स्वैर होतो, असें संघटित धर्माचे पुरस्कर्ते सांगत आले. ज्या मनुष्याला परलोकींच्या फळाची आशा नव्हती, त्यानें इहलोकींच्या फळावरहि पाणी सोडलें आणि दमेकरी देहानें अखेरपर्यंत मुलें शिकविलीं, हें उदाहरण त्या आक्षेपाच्या आड येतें. मतभेदामुळें दुरावलेल्या टिळकांनीं त्यांच्या मृत्यूनंतर 'केसरी'त त्यांच्या गुणांचा गौरव केला, यांतहि कांहीं बोध आहे.

तथापि अश्रद्धेला सत्ता मिळाली म्हणजे ती सौम्यच राहते, असें इतिहास सांगत नाहीं. रशियांत क्रांतीनंतर नास्तिक्य हेंच राज्याचें धोरण झालें. १९२५ सालीं लढाऊ निरीश्वरवाद्यांचा संघ स्थापन झाला, पाद्र्यांचा छळ झाला, आणि १९३१ सालच्या डिसेंबरांत मॉस्कोचें ख्रिस्त-तारक हें भव्य प्रार्थनामंदिर सुरुंग लावून पाडण्यांत आलें. त्या सुरुंगानें एकहि युक्तिवाद सिद्ध झाला नाहीं. पुढें तें मंदिर त्याच जागेवर पुन्हां बांधलें गेलें. दोष श्रद्धेंत किंवा अश्रद्धेंत जेवढा असतो त्याहून अधिक तो प्रश्न बंद करण्याच्या सत्तेंत असतो, असें यावरून म्हणावें लागतें.

उलट संघटित धर्मालाहि तपासणीचें वावडें असलेंच पाहिजे असें नाहीं. दिंडोशीसमोर, रेल्वेच्या पश्चिमेस, मालाडच्या ओर्लेम भागांत लूर्डच्या मातेचें चर्च आहे. हें नांव फ्रान्सांतील ज्या गांवावरून पडलें, तेथें १८५८ पासून भाविकांची रीघ लागली आणि रोग बरे झाल्याच्या वार्ता येऊं लागल्या. तेव्हां १८८३ सालीं तेथें वैद्यकीय तपासणीचें कार्यालय उघडण्यांत आलें. ते दाखले तपासण्यास बाहेरच्या डॉक्टरांनाहि मुभा असते. आजवर सात हजारांहून अधिक प्रकरणें नोंदलीं गेलीं. त्यांपैकीं चर्चनें चमत्कार म्हणून मानलीं तीं सत्तरच्या आसपास. त्या सत्तरांविषयींहि शंका घेण्याचा अधिकार बुद्धिवाद्याला आहेच. परंतु हजारोंना नाहीं म्हणणारी संस्था परीक्षेचें तत्त्व मान्य करते, हें उघड आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९९८ सालीं श्रद्धा व बुद्धि याच विषयावर परिपत्र काढून दोहोंना परस्परांची गरज असल्याचें प्रतिपादन केलें. मग इर्ल्याच्या भिंतीपाशीं जें बुद्धिवाद्यानें केलें, तें चर्चच्याच नियमाला धरून होतें. फक्त तें बाहेरच्या मनुष्यानें केलें.

इर्ल्याच्या घटनेनंतर सतराच महिन्यांनीं, २० ऑगस्ट २०१३ रोजीं सकाळीं, डॉक्टर नरेंद्र दाभोलकर यांचा पुण्यांत गोळ्या घालून खून झाला. साताऱ्याच्या या डॉक्टरांनीं १९८९ सालीं महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिति स्थापन केली होती. देव आणि धर्म यांना समितीचा विरोध नाहीं, त्यांच्या नांवानें होणाऱ्या फसवणुकीला आहे, असें ते जन्मभर सांगत आले. जादूटोणाविरोधी कायद्यासाठीं त्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. तो कायदा पूजा, वारी, कीर्तन, प्रवचन यांना हात लावीत नाहीं. भूत उतरविण्याच्या नांवाखालीं मारहाण करणें, नरबळी देणें, चमत्काराच्या बतावणीनें लोकांना लुबाडणें, असल्या कृत्यांना मात्र शिक्षा सांगतो. २०२४ सालच्या मे महिन्यांत पुण्याच्या न्यायालयानें दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली व तिघांना सोडून दिलें.

ज्या पुलावर दाभोलकर पडले तो ओंकारेश्वर मंदिराजवळचा पूल महर्षि विठ्ठल रामजी शिंदे यांच्या नांवाचा आहे. शिंदे हे प्रार्थनासमाजाचे धर्मोपदेशक; अस्पृश्यतानिवारणाचें काम त्यांनीं ईश्वरभक्तीच्या पोटींच केलें. ईश्वर मानणारा सुधारक आणि तपासणीचा आग्रह धरणारा सुधारक यांचीं नांवें अशा रीतीनें एकाच पुलाशीं जोडलीं गेलीं. त्या दोघांना भेट घडली असती तर ईश्वराविषयीं ते भांडले असते; पण मनुष्याला फसवूं नये आणि तुडवूं नये, यावर त्यांचें एकमत झालें असतें.

भारताच्या राज्यघटनेनें पंचविसाव्या अनुच्छेदांत सदसद्विवेकबुद्धीचें स्वातंत्र्य दिलें आहे. धर्म पाळण्याचें स्वातंत्र्य त्याच वाक्यांत येतें. १९७६ च्या दुरुस्तीनें वैज्ञानिक दृष्टि वाढविणें हें नागरिकांचें कर्तव्य म्हणून घातलें गेलें. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, आपला कोणताहि धर्म नाहीं असें सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार त्याला धर्म सांगण्याची सक्ति करूं शकत नाहीं. तेव्हां कायद्याच्या पुस्तकांत दोन्ही पक्षांना पुरेशी जागा आहे. प्रश्न उरतो तो घराघरांतील व वस्तीवस्तींतील वागणुकीचा. मुलानें देवापुढें हात जोडण्यास नकार दिला तर बाप त्याचें म्हणणें ऐकून घेतो काय? आणि शिकलेला मुलगा आजीच्या जपमाळेची चेष्टा न करतां तिच्यापाशीं बसतो काय? श्रद्धा व बुद्धि यांच्या वादाचा खरा निकाल सभागृहांत लागत नाहीं. तो अशा प्रसंगीं लागतो.

दिंडोशीच्या न्यायालयांत उद्यांहि साक्षीदार येतील. एक ईश्वराचें नांव घेईल, दुसरा घेणार नाहीं. दोघांनाहि प्रश्न विचारले जातील आणि प्रश्न विचारणें हा कोणाचाहि अपमान समजला जाणार नाहीं. हीच रीत त्या न्यायालयाबाहेरहि पाळतां आली, तर ठिबकणारें पाणी पाहून कोणी गुडघे टेकावेत व कोणी मोरी शोधावी. मोरी शोधणाराला देश सोडावा लागूं नये आणि गुडघे टेकणाराला कोणी हिणवूं नये. मात्र तें पाणी मुलाच्या तोंडीं घालण्यापूर्वीं मोरी कोठें तुंबली आहे, हें दोघांनीं मिळून पाहिलें पाहिजे. तुंबलेली मोरी आस्तिकानें साफ केली तरी ओल ओसरते, आणि नास्तिकानें साफ केली तरी ओसरते.